कोळशावरचा ब्रॉट, काहिलीतला बूया

विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या गावात पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना रविवारी दुपारी बाराला असला की सकाळपासूनच लॅम्बो फील्ड या त्यांच्या मैदानाच्या पार्किंगमधून कोळशाचा धूर वर चढायला लागतो. गाडीचं मागचं दार उघडं, त्याच्यापुढे घडीचं टेबल, टेबलाला खेटून शेगडी आणि शेगडीवर ओळीनं मांडलेले ब्रॉट. ब्रॉट म्हणजे ब्राटवुर्स्ट, डुकराच्या जाडसर खिम्याचं जर्मन सॉसेज. शेजारच्या गाडीतला माणूस अनोळखी असला तरी त्याच्या हातात एक पाव येतोच. सामन्याआधीच्या या जेवणाला अमेरिकेत टेलगेट म्हणतात. इथं ते सणासारखं पाळलं जातं.

मी इथून अर्ध्या तासावर ॲपलटनला राहते. फॉक्स नदीकाठच्या कागद गिरण्यांमुळे आमचं कोल्हापूरचं बिऱ्हाड इकडे आलं आणि इथलंच झालं. टेलगेट ही मोटारीची देणगी, असं सहसा सांगतात: स्टेशन वॅगन आली, तिची मागची फळी खाली पाडता येऊ लागली, लोकांनी तिच्यावर जेवण मांडलं. जुनं वाचत गेले, इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत गेले, तसं माझं मत पक्कं झालं की गाडीनं फक्त जागा दिली. जेवण आलं ते चर्चच्या आवारातून, आणि ते वर्गणी गोळा करण्यासाठी शिजवलेलं जेवण होतं.

टेलगेटचं मूळ शोधणारे लोक १८६१ पर्यंत मागे जातात. अमेरिकेच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई व्हर्जिनियात बुल रनला झाली. २१ जुलैच्या त्या दिवशी वॉशिंग्टनहून लोक घोडागाड्यांत खाण्याच्या टोपल्या घेऊन लढाई बघायला गेले होते. उत्तरेचं सैन्य पळालं तसे तेही पळाले. कुणी ६ नोव्हेंबर १८६९ चा दाखला देतं. त्या दिवशी न्यू ब्रन्सविकला रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत फुटबॉलचा पहिला सामना झाला आणि रटगर्सनं तो ६-४ असा जिंकला. मला यातलं काहीच पटत नाही. मैदानाजवळ आपला डबा उघडणं वेगळं आणि मैदानाजवळ चूल पेटवून परक्या माणसाला वाढणं वेगळं. ही दुसरी रीत कुठून आली हे कळायला निदान ग्रीन बेपुरतं तरी बेल्जियमहून आलेल्या शेतकऱ्यांकडे बघावं लागतं.

१८५३ पासून बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या वालून भागातली कुटुंबं ग्रीन बेच्या ईशान्येला, ब्राउन, किवॉनी आणि डोअर या परगण्यांत येऊन जंगल तोडून वसली. ८ ऑक्टोबर १८७१ च्या पेश्टिगोच्या वणव्यात त्यांच्या वस्त्यांचा मोठा भाग जळाला. मग त्यांनी लाल विटांची घरं बांधली, ती अजून त्या रस्त्यांवर उभी आहेत. पीक घरात आलं की कर्मिस नावाचा त्यांचा सुगीचा सण. त्यात नाच, बीअर, सुकवलेल्या फळांचे पाय आणि बूया.

बूया म्हणजे दाट रस्सा. गोमांस आणि कोंबडी हाडांसकट उकळायची, मांस सुटलं की हाडं काढून टाकायची, मग त्यात गाजर, कोबी, बटाटे, कांदे, टोमॅटो, वाटाणे एकेक करून पडत जातात. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी, एखादं तमालपत्र. चव येते ती वेळेनं आणि आकारानं, म्हणूनच घरच्या पातेल्यात केलेला बूया मला कधी बूया वाटला नाही. तो शंभर-दोनशे लिटरच्या लोखंडी भांड्यात, खाली लाकडं घालून, रात्रभर शिजतो. पहिल्यांदा ते भांडं बघितलं तेव्हा मला आमच्याकडच्या गुऱ्हाळाची काहील आठवली: तसंच वल्ह्याएवढं लाकडी ढवळणं, तशीच जाळ सांभाळणारी दोन माणसं, आणि तळ लागू नये म्हणून पाळीपाळीनं जागणं. तेव्हापासून मी त्याला काहीलच म्हणते. आमच्या ओळखीचे एक आजोबा आपल्या चर्चचा बूया वर्षानुवर्षं करत आले आहेत. कोबी कधी घालायचा यावरून दोन चर्चमध्ये अबोला होऊ शकतो, असं ते मला गंभीरपणे सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

हे जेवण आधी सणाचं होतं, मग वर्गणीचं झालं. चर्चला छप्पर हवं, शाळेला बाकं हवीत, की परिसरातले लोक मांस, कोंबड्या, भाज्या आणून द्यायचे. काहील चढायची आणि वाडगाभर बूयाचे पैसे गावाच्या कामाला जायचे. थोड्या खर्चात शेकडो माणसं उभ्यानं जेवतील, उशिरा येणाऱ्यालाही गरम मिळेल आणि स्वयंपाक करणाऱ्याला घड्याळाकडे बघावं लागणार नाही असा हा पदार्थ. स्टेडियमबाहेरच्या जेवणाच्या गरजा याहून वेगळ्या नाहीत.

आता पॅकर्स. ऑगस्ट १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो या तरुणानं आणि जॉर्ज कॅल्हून या बातमीदारानं संघ उभा केला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनीत कामाला होता. ही मांस डबाबंद करणारी कंपनी, तिनं सदऱ्यांसाठी ५०० डॉलर दिले आणि संघाला नावही तिच्यावरूनच मिळालं. पहिली वर्षं हेगमाइस्टर पार्कच्या मोकळ्या रानात सामने झाले. अगदी सुरुवातीला कुंपण नाही, तिकीट नाही. मैदानाभोवती दोर बांधलेला असे, दोरामागे लोक गाड्या लावून तिथूनच खेळ बघत आणि कॅल्हून हॅट फिरवून पैसे गोळा करी. १९२३ मध्ये संघ बुडायला आला तेव्हा गावानं पाच-पाच डॉलरचे शेअर विकत घेऊन तो वाचवला. आजही हा संघ कुणा एका धनवानाचा नाही, लाखो लहान भागधारकांचा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये असा दुसरा संघ नाही. हॅट फिरवणारं गाव आणि बूयाची काहील चढवणारं गाव एकच होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संघ चालवायचा तर सगळ्यांनी थोडं थोडं आणायचं, ही सवय त्यांना चर्चच्या आवारातच लागलेली होती.

ब्रॉट आला तो दक्षिणेकडून, मिशिगन सरोवराच्या काठावरच्या शबॉयगनहून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथं आणि मिलवॉकीत जर्मन लोक इतक्या संख्येनं आले की खाटिकाच्या दुकानात, बीअरच्या भट्टीत आणि चर्चमध्ये जर्मनच ऐकू यायची. मिलवॉकीचं उसिंगर हे सॉसेजचं दुकान १८८० चं. शबॉयगन परगण्यातल्या जॉन्सनव्हिल गावी राल्फ आणि ॲलिस स्टेयर या जोडप्यानं खाटिकाचं दुकान काढलं ते १९४५ मध्ये, आणि त्याच नावाचे ब्रॉट आज अमेरिकाभर दुकानांत मिळतात. १९५३ मध्ये शबॉयगन शहराची शंभरी झाली, तेव्हापासून तिथं ऑगस्टमध्ये ब्राटवुर्स्टचा उत्सव भरतो. वर्गणीचा मार्ग इथंही तोच आहे, फक्त काहिलीऐवजी कोळशाची लांब शेगडी. अग्निशमन दलाला पंप हवा असो की शाळेच्या बँडला वाद्यं, शनिवारी किराणा दुकानाबाहेर ‘ब्रॉट फ्राय’ मांडतात आणि येणारा-जाणारा दोन ब्रॉट घेतो.

शबॉयगनच्या माणसाचे नियम कडक आहेत आणि मला ते मान्य आहेत. ब्रॉट कच्चाच कोळशावर ठेवायचा, आधी उकळायचा नाही. जाळ नको, राखेनं पांढरे झालेले निखारे हवेत. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारण्यापेक्षा ब्रॉट बाजूला सरकवावा. उलटायला चिमटा घ्यायचा, काटा कधीच नाही, कारण काट्यानं साल फाटते आणि सगळा रस निखाऱ्यांत जातो. सावकाश, सारखा फिरवत, वीस-पंचवीस मिनिटं. पाव बाहेरून कडक आणि आतून मऊ हवा, एका पावात दोन ब्रॉट, वर तपकिरी मोहरीची चटणी, कच्चा कांदा, लोणच्याची काकडी. मिलवॉकीकडचे लोक बीअर, कांदा आणि लोणी यांत ब्रॉट आधी शिजवतात आणि मग भाजतात. शबॉयगनला हे पटत नाही, पण त्याच बीअर-कांद्याचं भांडं शेगडीच्या कडेला ठेवून भाजून झालेले ब्रॉट त्यात बुडवून ठेवले तर तासभर गरम आणि रसाळ राहतात. पार्किंगमध्ये ही युक्ती कामाची आहे, कारण तिथं पाहुणे एकदम येत नाहीत, येत राहतात. ब्रॉट पावात असल्यामुळे ताटली लागत नाही, जाड हातमोजा घालून धरता येतो आणि दुसरा हात मोकळा राहतो. बफेलोच्या अँकर बारमधून १९६४ मध्ये निघालेले कोंबडीचे तिखट पंख आणि १९७६ पासून टेक्सासच्या बेसबॉल मैदानावर पातळ चीज ओतून विकले जाणारे नाचो हे आता अमेरिकाभर सामन्याचे पदार्थ झाले आहेत. तरी पंखांसाठी उघड्यावर, वाऱ्यात, उकळत्या तेलाची कढई सांभाळणं मला सोयीचं वाटत नाही. ते घरी टीव्हीपुढे बसून खावेत.

सगळं एका ठिकाणी आणलं ते नव्या मैदानानं. २९ सप्टेंबर १९५७ ला ग्रीन बेचं नवं स्टेडियम उघडलं, १९६५ मध्ये लॅम्बो वारल्यावर त्याला त्यांचं नाव मिळालं. ते गावाच्या कडेला, शेतजमिनीवर बांधलं होतं, म्हणून भोवती पार्किंगला भरपूर जागा ठेवता आली. त्याच दशकात घराघरांत स्टेशन वॅगन आल्या. शिकागोजवळच्या एका धातूच्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफननं १९५२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा अर्धा गोल घेऊन झाकणाची शेगडी बनवली, ती वेबर केटल. झाकणामुळे वाऱ्यात आणि बर्फातही कोळसा धरून राहतो, म्हणून विस्कॉन्सिनला ती जणू मागून घेतल्यासारखी मिळाली. १९५९ मध्ये विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले, संघ जिंकू लागला, आणि दूरदूरच्या शेतांवरून येणारी माणसं सकाळीच पोचू लागली. दोन-तीन तास गाडी चालवून आलेल्या कुटुंबाला जेवण लागणारच, आणि जेवण उघड्यावर कसं रांधायचं हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. मैदानाशेजारच्या घरांनी आपापल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू द्यायला सुरुवात केली. ते आजही चालू आहे, आणि काही अंगणांत तीच तीच कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या येतात.

पॅकर्स १९३३ पासून १९९४ पर्यंत दरवर्षी काही सामने मिलवॉकीतही खेळत. तिथल्या काउंटी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ब्रॉट भाजायची सवय इतकी मुरली की ती बेसबॉललाही चिकटली. ब्रुअर्स या तिथल्या बेसबॉल संघाच्या सामन्यांना लोक उन्हाळाभर शेगड्या घेऊन येतात.

थंडीचं काय, असं कोल्हापूरहून फोन आला की नेहमी विचारतात. ३१ डिसेंबर १९६७ ला लॅम्बो फील्डवर डॅलसविरुद्धचा सामना झाला, ‘आइस बोल’. तापमान उणे २५ अंश सेल्सियस होतं, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, आणि पॅकर्सनं २१-१७ असा सामना जिंकला. डिसेंबरच्या टेलगेटला बूयाचं मोल कळतं, कारण त्या हवेत ब्रॉट पावासकट पाच मिनिटांत गार होतो आणि हातात गरम वाडगा असला तर बोटं चालतात. मी जाड थर्मासमधून तांबडा रस्सा नेते. आदल्या रात्री कांदा-खोबरं भाजून, मटणाच्या सुपात, घरून आलेली चटणी घालून केलेला. कागदी पेल्यात घोट-घोट वाढते. आमच्या रांगेतले लोक आता माझी गाडी शोधत येतात आणि बदल्यात ब्रॉट देतात. डुक्कर न खाणारे पाहुणे सोबत असले तर कोंबडीचे ब्रॉट वेगळ्या जाळीवर भाजून देतात, न सांगता. कोल्हापूरला पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं पाहत मी वाढले. खेळ वेगळा असला तरी सामन्याच्या दिवशी गावाच्या अंगात काय येतं ते मला इथं कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

अलीकडे मैदानाभोवती तंबू ठोकून तिकीट लावलेले टेलगेट चालतात. आत वातानुकूलित हॉल, गणवेशातले वाढपी, मोठाले पडदे. बाहेरगावचे पाहुणे तिथं जातात आणि जेवण चांगलं असतं. पण तिथं कुणी कुणाला आपल्या शेगडीवरचं देत नाही. पैसे भरलेल्यानं खायचं आणि नोकरानं वाढायचं, एवढाच तो व्यवहार. ज्या गावानं हॅट फिरवून संघ चालवला त्याच्या मैदानाशेजारी हे वाढत जावं याचं मला वाईट वाटतं, आणि म्हणून आम्ही आमची जागा सोडत नाही.

ज्यांना हे मुळापासून बघायचं आहे त्यांनी सामन्याचं तिकीट मिळायची वाट बघू नये. ऑगस्ट-सप्टेंबरात ग्रीन बेच्या आसपास चर्चबाहेरच्या पाट्यांवर बूयाच्या रविवारची तारीख लिहिलेली असते. सकाळी लवकर जावं. घरी न्यायचा असेल तर मोठं, झाकणाचं भांडं आपलं आपण न्यावं, ते काहिलीतून थेट भरून देतात. दुपारी गेलात तर बहुतेक वेळा संपलेला असतो.