शृंगेरीची लूट आणि मिरजेचे कागद

माझे आजोळ तासगावचे. भाद्रपद शुद्ध पंचमीला तिथे गणपतीचा रथ निघतो. लाकडी, उंच, दोरखंडांनी माणसांनी ओढायचा. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून मी तो पाहिला आहे. रथापेक्षाही मला नवल वाटायचे ते देवळाच्या गोपुराचे. सांगली-सातारा भागातल्या देवळांना शिखरे असतात. इथे मात्र दक्षिणेतल्यासारखे सात मजली गोपूर उभे आहे. आजोबा सांगत, ‘भाऊ कर्नाटकात स्वारीला जायचे. तिकडची देवळं बघून त्यांनी हे बांधलं.’

भाऊ म्हणजे परशुरामभाऊ पटवर्धन. पेशवाईच्या उत्तरार्धातले नावाजलेले सेनापती. देवळाचे काम १७७९ मध्ये सुरू झाले आणि विसाव्या वर्षी पुरे झाले. त्याच वर्षी, १७९९ मध्ये, पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले. म्हणजे तासगावात हे गोपूर मजल्यामजल्याने वर चढत होते, त्याच काळात पटवर्धनी फौजेबरोबर गेलेल्या लोकांनी दक्षिणेतला एक मोठा मठ लुटला. तो मठ शृंगेरीचा. शंकराचार्यांच्या परंपरेतले आद्य पीठ.

ही हकीकत मी काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातल्या व्याख्यानात सांगितली. भाषण संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, ‘हे सगळं खरं असेल. पण आपणच हे सांगायची गरज काय?’ त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

फौज आणि फौजेमागची फौज

१ जून १७९० रोजी पुणे दरबार आणि इंग्रज कंपनी यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध तह झाला. पुढे निजामही त्यात आला. जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यायचा असे ठरले. परशुरामभाऊंनी धारवाडला वेढा घातला. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी त्यांच्या मदतीला होती. वेढा सहा महिने रेंगाळला आणि एप्रिल १७९१ च्या सुरुवातीला धारवाड हाती आले. हरिपंत फडक्यांची दुसरी फौज वेगळ्या वाटेने दक्षिणेकडे निघाली होती. दोन्ही फौजा श्रीरंगपट्टणच्या रोखाने सरकल्या. पटवर्धनांपैकी रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, यांच्या हाताखालची फौज बिदनूर प्रांताच्या बाजूला वळली. शृंगेरी त्याच बाजूला, तुंगेच्या काठी.

त्या काळची मराठी फौज म्हणजे नुसते स्वार आणि तोफा नव्हेत. तिच्याबरोबर बाजार चाले. बैलांच्या तांड्यांवर धान्य लादून लमाण येत. त्यांच्यावाचून एवढ्या माणसाजनावरांचे पोट भरणे अशक्य होते. पेंढारी असत, त्यांना पगार नसे. लूट हेच त्यांचे उत्पन्न, आणि त्या लुटीतला वाटा ‘पालपट्टी’ या नावाने सरकारात जमा होई. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. लुटीवर सरकार कर घेत असेल, तर लूट हा शिस्तभंग उरत नाही. तो कारभाराचाच भाग होतो. अमुक गाव लुटा आणि अमुक देऊळ सोडा, असे त्या माणसाला सांगायचे कोणी?

याच लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. एप्रिल १७९१ च्या सुमाराची ही घटना. मठातले द्रव्य, भांडी, वस्त्रे, हत्ती नेले. माणसे मारली गेली. शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली. त्या वेळचे स्वामी सच्चिदानंद भारती यांना मठ सोडून घाटाखाली कारकळला आसरा घ्यावा लागला.

शत्रूच्या दरबारातली पत्रे

कारकळहून स्वामींनी गाऱ्हाणे नेले ते टिपूकडे. मुलूख त्याचा होता, त्यामुळे हे स्वाभाविकच. टिपूने कन्नडमध्ये उत्तरे पाठवली. अशा पुण्यस्थळाशी पाप करणाऱ्यांना त्याची फळे भोगावी लागतील, असे त्याने लिहिले. मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी दोनशे रहाती रोख आणि धान्यसामग्री देण्याचा हुकूम त्याने बिदनूरच्या असफाला, म्हणजे तिथल्या सुभेदाराला, सोडला. रहाती म्हणजे त्याच्या राज्यातले सोन्याचे लहान नाणे. पुढच्या पत्रांत राज्याच्या कल्याणासाठी आणि शत्रूच्या पराभवासाठी मठात जप-अनुष्ठाने करण्याची विनंती आहे. त्यांचा खर्च त्यानेच दिला.

ही पत्रे मठात सव्वाशे वर्षे पडून होती. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी ती उजेडात आणली. तेव्हापासून त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ओढाताण चालू आहे. कोणी त्यांच्या आधारे टिपूला धर्मसहिष्णुतेचा पुतळा करतो, कोणी ती निव्वळ राजकारणाची म्हणून बाजूला सारतो. कोडगू आणि मलबारमध्ये त्याच टिपूने काय केले, हेही कागदांत आहे. मला वाटते, पत्र राजकारणाचे आहे एवढ्याने ते खोटे ठरत नाही. तीन शत्रू चालून येत असताना आपल्या प्रजेतल्या सर्वांत मोठ्या मठाच्या पाठीशी उभे राहणे राजाच्या हिताचे होते. मठालाही संरक्षण हवे होते. दोघांची गरज जुळली आणि देवी पुन्हा आपल्या जागी बसली. मुत्सद्देगिरीतून धर्मस्थळ वाचते ते बहुधा असेच.

आपल्या दरबारातली पत्रे

दुसरी बाजू आपली. शृंगेरीच्या स्वामींना पेशव्यांच्या दरबारात मोठा मान होता आणि पत्रव्यवहार जुना होता. त्यामुळे बातमी पुण्यास पोचली तेव्हा तिथे लाज आणि काळजी दोन्ही वाटली. धर्मरक्षणाच्या नावाने राज्य चालवायचे आणि आपल्याच फौजेमागच्या माणसांनी शंकराचार्यांना रानोमाळ करायचे, याला पुणे दरबाराकडे उत्तर नव्हते. लुटलेला माल शोधून परत करावा, मठाची भरपाई करावी, अशी आज्ञा परशुरामभाऊंना झाली. स्वामींचा तगादाही पुढे चालूच राहिला.

पटवर्धनी पत्रांत दोष लमाण-पेंढाऱ्यांवर टाकलेला दिसतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. तांडा आपणहून स्वारीला निघत नाही, त्याला बोलावून नेलेले असते. ज्याने पालपट्टी घेतली त्याला ‘ती माणसे आमची नव्हेत’ असे म्हणता येणार नाही. आज कोणी या प्रकरणाचे खापर एखाद्या जातीजमातीवर फोडू पाहील, तर त्याने आधी सरदारांचे हिशेब पाहावेत.

मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूचा निम्मा मुलूख गेला, तीन कोटी तीस लाखांची खंडणी ठरली, त्याचे दोन मुलगे ओलीस म्हणून गेले. वाटाघाटींत मराठ्यांच्या वतीने हरिपंत होते. मुलूख, रक्कम, कैदी आणि ओलीस यांची कलमे काळजीपूर्वक लिहिली गेली. शृंगेरीचा प्रश्न मात्र राहिला तो पत्रे, विनवण्या आणि आज्ञा यांच्याच पातळीवर. तीन सत्ता एका बैठकीत बसल्या होत्या, आणि भरपाईचा विषय निघण्यासारखी ती एकच जागा होती.

मेणवलीची घंटा

आधी कलम लिहून धर्मस्थळ राखता येते का? याचे उदाहरण त्याच्या अर्धशतक आधीचे, वसईचे आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसईच्या पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली, ती कलमे ठरवून. शहर सोडणाऱ्यांना आठवड्याभराची मुदत आणि जंगम मालमत्ता नेण्याची मोकळीक मिळाली. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. दोन वर्षे चाललेल्या आणि हजारो माणसे खाल्लेल्या युद्धाच्या शेवटी हे लिहिले गेले, हे विशेष. वसईतला ख्रिस्ती समाज आज तिथे आहे.

तरी कलमाच्या मर्यादाही दिसतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या मंडपात एक अवजड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मरियमची आकृती आहे. वसईच्या विजयानंतर आलेल्या घंटांपैकी ती एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशा घंटा आहेत. माणसांचा धर्म राखला गेला, घंटा विजयाची खूण म्हणून सह्याद्री चढून वर आल्या. पण त्या वितळवल्या नाहीत, आकृती घासून टाकली नाही. देवळात टांगल्या, वाजवल्या. पूर्ण संरक्षण हे नव्हे आणि विध्वंसही नव्हे. मधली अवस्था आहे, आणि इतिहासात बरेचदा हीच हाती लागते.

त्याही आधी आपल्याकडे हुकूम होता. शिवाजी महाराजांवर राग असलेल्या खाफीखानानेच लिहून ठेवले आहे की, मशिदींना आणि कुराणाला धक्का लावू नये असा महाराजांचा नियम होता, आणि कुराणाची प्रत हाती आल्यास ती मुसलमान माणसाकडे दिली जाई. हा नियम लढाईआधी घातलेला होता आणि तो शेवटच्या शिपायापर्यंत लागू होता. शृंगेरीला कमी पडले ते हेच. श्रद्धा कमी नव्हती. तासगावचे गोपूर त्याची साक्ष आहे. खालपर्यंत पोचणारा हुकूम नव्हता.

जगाला हे लेखी मान्य करायला १९५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हेग येथे युद्धकाळातील सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा करार झाला. भारताने तो १९५८ मध्ये मंजूर केला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या प्रकरणाला थेट लागू पडतात. एक, अशा संपत्तीची चोरी, लूट आणि अपहार होऊ न देण्याची आणि चालू असेल तर थांबवण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. ‘आमच्या माणसांनी केले नाही’ ही सबब पुरत नाही. दुसरी, लष्करी नियमांत याची तरतूद शांततेच्या काळातच करून ठेवायची आहे. तरीही एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन फौजा बगदादेत असताना तिथले राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. अमेरिकेने १९५४ च्या करारावर सही केली होती, मंजुरी दिली ती २००९ मध्ये. शृंगेरी आणि बगदाद यांत दोनशे बारा वर्षांचे अंतर आहे, पण फौज शहरात आहे आणि जबाबदार कोणीच नाही, ही स्थिती तीच.

सांगायची गरज

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. शृंगेरीच्या लुटीविषयीची पटवर्धनी पत्रे छापली कोणी? टिपूच्या चाहत्याने नव्हे, इंग्रजानेही नव्हे. मिरजेच्या हायस्कुलात शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी. शास्त्रीबुवा मूळचे कोकणातले गुहागरचे, आयुष्य काढले मिरजेत. पटवर्धनांच्या दफ्तरातली मोडी पत्रे वाचून, उतरवून, १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला आणि १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही. मिरजेला तेव्हा पटवर्धनांचेच राज्य होते. ज्या घराण्याच्या गावात राहायचे त्याच्याच फौजेची नाचक्की करणारी पत्रे वगळणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ती छापली. इकडे साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी मेणवलीचे नानांचे कागद मिळवून जपले. पुण्याच्या कारभाऱ्याचे दफ्तर सातारा जिल्ह्यात आणि त्याच्या सेनापतीचे दफ्तर सांगली जिल्ह्यात, अशी ही आपल्या दोन जिल्ह्यांची श्रीमंती आहे.

मी मोडी शिकलो तो चाळिशीत, खऱ्यांचे खंड शेजारी ठेवून. माझे शिक्षक तेच. म्हणून त्या गृहस्थांना आज मी एवढेच सांगेन की, हे सांगायची सुरुवात मी केलेली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मिरजेच्या एका शास्त्रीबुवांनी ती केली, आणि टिपूची पत्रे निघाली तेव्हा ती ताडून पाहायला मराठी कागद हजर होते ते त्यांच्यामुळेच. शृंगेरीचे लुटलेले धन परत करण्याचा हुकूम निघाला होता. त्या देण्यातला जो भाग आजही आपल्या हातून फेडता येतो, तो म्हणजे घडले ते घडले म्हणून सांगणे.

यंदाही पंचमीला तासगावला गेलो होतो. गर्दीत रथाच्या दोरीला हात लावला आणि वर गोपुराकडे पाहिले. लहानपणाइतकेच ते सुंदर दिसते. आता त्याच्याकडे पाहताना तुंगेकाठचे दुसरे देऊळही आठवते, एवढाच फरक.