वस्तऱ्याचा गंज

शाहूवाडीत पावसाळा एकदा बसला की उठायचे नाव घेत नाही. आंबा घाटाकडून धुके उतरले की घरातले लोखंड तांबूस पडू लागते. अशाच एका पावसाळ्यात आजोबांच्या पेटीत घडीचा जुना वस्तरा सापडला. मूठ शिंगाची, पात्यावर गंजाचे पापुद्रे.

तो उजळायला बसलो तेव्हा पहिला धडा मिळाला : घाई करायची नाही. यंत्रावर घासले तर पाते तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. म्हणून पाते तेलात भिजवायचे आणि बारीक पॉलिश पेपरने हातानेच घासायचे. मग पाठ व धार दोन्ही टेकतील असे ते दगडावर आडवे ठेवून धारेच्या दिशेने ओढायचे. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट, पाठीच्या दिशेने.

गंज निघाला तसे मुठीजवळ जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचे नाव दिसू लागले. जर्मन माल शेफील्डचा म्हणून खपवला जातो, अशी तिथल्या कारागिरांची तक्रार होती. त्यातून १८८७ चा ब्रिटिश कायदा आला आणि परदेशी मालावर मूळ देशाचे नाव येऊ लागले. जोर लावून घासले असते तर ही खूणही गेली असती.

वस्तरा धरणाऱ्या हातांचा इतिहासही असाच जपून उजळावा लागतो. 'वस्तरा' हा शब्दच फारसी 'उस्तुरा'वरून आलेला. अरबीत 'हज्जाम' म्हणजे शिंगी लावून रक्त काढणारा. गावगाड्यात न्हावी बलुतेदार. सुगीला धान्य घेऊन तो वर्षभर गावाची सेवा करी. कुणाकडे जावळ, कुणाकडे अकीका. बाळाच्या डोक्यावरून पहिला फिरे तो वस्तराच.

१६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले, तेव्हा पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद हा न्हावी महाराजांच्या वेषात पालखीत बसला आणि मारला गेला. महाराज आजच्या शाहूवाडी तालुक्यातून विशाळगडावर पोचले. वेढा घालणारा सिद्दी जौहर सर्वांना ठाऊक आहे. वेढा फोडायला गेलेल्या मराठी फौजेत सिद्दी हिलालही होता, हे मात्र इतिहास घासताना पुसले जाते. पुढे १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. नकाराचे ते बळ अभिमानाचे आहे.

पण याच वस्तऱ्याने दलितांनाही नकार दिला होता, हा डाग आहे. आणि आपण? एका सफेत उभे राहून समतेचे बोलणारे आपण, हजामाच्या घरी सोयरीक म्हटली की किती जण गप्प होतो! 'हजाम' हा शब्द आपल्याही तोंडी शिवीसारखा येतो. दुसऱ्यांनी इतिहासातून आपल्याला पुसले म्हणून आपण तक्रार करतो, ती रास्तच आहे. मात्र आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाला आपणच पुसत असू, तर ती तक्रार दुबळी ठरते.

आजोबांच्या वस्तऱ्यावर काही काळे ठिपके राहिलेच. ते खोलवर गेलेत; काढायचे तर पातेच झिजवावे लागेल. मी ते राहू दिले आहेत. धार मात्र लागली आहे.