ऐकणाऱ्यांची नोंदवही

१६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. त्याच दिवशी चिमूरही पेटले. आष्टी आमच्या अमरावती जिल्ह्याला लागूनच आहे. मधे फक्त वर्धा नदी. वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध असताना आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत देशाला सांगितली ती मुंबईतल्या भूमिगत काँग्रेस रेडिओने. २७ ऑगस्टला सुरू झालेले हे केंद्र उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत चालवत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

या इतिहासातील एक गोष्ट मला अनेक वर्षे छळत होती. त्या प्रक्षेपणांचा मजकूर आज वाचायला मिळतो, तो मुख्यतः सरकारी यंत्रणेने चोरून ऐकून उतरवून ठेवला म्हणून. ज्यांच्यासाठी ते बोलणे होते, त्यांनी कान लावून ऐकले असेल. पण त्यांची नोंदवही आपल्याकडे नाही. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना रेडिओसंच बाळगणे हाच गुन्हा होता. ऐकल्याचा पुरावा कोण मागे ठेवणार?

काँग्रेस रेडिओची जागा होती ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला या लांबीने भागले की सुमारे ७०८० किलोहर्ट्झ ही वारंवारता येते. आज तिथे हौशी रेडिओचालक एकमेकांशी बोलतात. त्याच जागेवर एक कायमचा कान लावायचा आणि तो सर्वांना खुला करायचा, असे मी ठरवले.

अशा सार्वजनिक कानाची सुरुवात नेदरलँड्समध्ये झाली. द्विंगेलो येथील २५ मीटर व्यासाच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीवर चंद्रावरून परतणारे संदेश हौशी मंडळींना घरबसल्या ऐकता यावेत, म्हणून २००७ च्या अखेरीस पीटर-त्यार्क द बूर यांनी 'वेबएसडीआर'चे काम हाती घेतले. कल्पना साधी होती. जुन्या संचात काटा फिरवला की एकच केंद्र लागते. इथे अँटेनावरचा अख्खा पट्टा आकड्यांत बदलून संगणकाला दिला जातो आणि केंद्र निवडण्याचे काम सॉफ्टवेअर करते. त्यामुळे एकाच तारेवर अनेक जण एकाच वेळी आपापले केंद्र लावू शकतात. पुढे २०१२ मध्ये टीव्हीसाठी बनलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून असेच कच्चे आकडे काढता येतात हे उघड झाले, आणि हे तंत्र माझ्यासारख्याच्या खिशाला परवडू लागले.

माझा संच असा: रास्पबेरी पाय, एक डोंगल, 'ओपनवेबआरएक्स' हे सॉफ्टवेअर. असे डोंगल सहसा २४ मेगाहर्ट्झच्या खाली ऐकत नाही, म्हणून मधे १२५ मेगाहर्ट्झ मिळवून देणारा कन्व्हर्टर लावला. ७.०८ ची जागा डोंगलला १३२.०८ वर दिसते. शहरातल्या गच्चीवर तार टांगली, तर एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर यांच्या खरखरीखाली सगळे बुडाले. शेवटी चांदूर बाजारजवळ मामांच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलो. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, एक टोक कडुनिंबाला, दुसरे बांबूला. विहिरीवरची मोटर बंद असली की पडद्यावरचा निळा धबधबा स्वच्छ होई. मोबाइल इंटरनेटवर बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता मिळेना. म्हणून भाड्याच्या सर्व्हरपर्यंत आतूनच एक बोगदा काढला. लोडशेडिंगसाठी बॅटरी आली.

पहिल्या संध्याकाळी मामा खाटेवर बसून बघत होते. "काय आयकून राह्यला रे बाबू?" मी काँग्रेस रेडिओची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मंग पोलिसाईनं लिहून ठेवलं नसतं, तं तुले काय समजलं असतं?"

प्रश्न माझाच होता, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर टोचला. सर्व्हर ऐकवतो, आपण सांगितल्याशिवाय जपत नाही. नागपूरहून १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. रात्रभर चालणारी ती सेवा २०१९ च्या जानेवारीत बंद पडली. आमच्या घरात कित्येक रात्री ती वाजली, मामा ओलिताला जाताना ट्रान्झिस्टरवर लावत. तिची एक रात्रही आम्ही टेप करून ठेवली नाही. इथे तर कोणता कायदाही आडवा आला नव्हता.

म्हणून आता सर्व्हर रोज संध्याकाळी एक तास आपोआप ध्वनिमुद्रण करतो. सोबत मी वहीत तारीख, वेळ, वारंवारता आणि ऐकू आलेले लिहितो. बहुतेक पाने नीरस आहेत: हवापाणी, अँटेनाची उंची, तब्येतीची चौकशी, विजांचा कडकडाट. १९४२ मध्ये टिपणारे हात सरकारचे होते. ही वही बगीच्यातल्या खोलीत, खिळ्याला टांगलेली आहे. मी नसलो की मामा त्यात तारीख घालतात आणि पुढे लिहितात, "आज मोटर चालू होती. काही आयकू आलं नाही."