जोडी गेली, फोटो मागे राहिला

शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, मैदानावर फोटो काढणाऱ्याचं गणित सोपं आहे, पण ते कुणाला सूट देत नाही. बैलजोडी ताशी ३६ किलोमीटरनं पळते असं धरलं, तर एका सेकंदात ती दहा मीटर जाते. कॅमेऱ्याचं शटर १/३० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात बैल फूटभर पुढे सरकतो. १/५०० मध्ये दोन सेंटिमीटर, १/१००० मध्ये एकच. खुरांची झेप अंगापेक्षाही वेगवान असते, म्हणून अंग ठीक येतं आणि पाय पुसल्यासारखे दिसतात. हा झाला शटरचा हिशेब. पण बटण दाबल्यावर फोकस शोधण्यात कॅमेऱ्यानं अर्धा सेकंद घालवला, तर जोडी पाच मीटर पुढे गेलेली असते. शटर मंद असेल तर फोटो हलतो. फोकस मंद असेल तर फोटोत जोडीच नसते.

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचा इतिहास म्हणजे या दोन वेगांची चुकामूक आहे. तो वऱ्हाडातून पाहिला तर जास्त स्पष्ट दिसतो. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट नावाजलेला. शेजारी वर्धेकडे गवळाऊ बैलांचा मुलूख, अंगानं हलके आणि पायानं चपळ. तळेगावच्या पश्चिमेला नांदगाव खंडेश्वर. तिथं यादवकाळातलं खंडेश्वराचं हेमाडपंती मंदिर आहे आणि धनुर्विद्येचा सरावही चालतो. पट, बाण आणि काळोखा गाभारा: कॅमेऱ्याची पारख करायला याहून वेगळ्या तीन परीक्षा एकाच टापूत सापडणं कठीण.

सुरुवातीला शटर नव्हतंच. भिंगावरचं झाकण काढायचं, अंक मोजायचे, झाकण परत लावायचं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा ओल्या काचेवर काही सेकंदांचं छायांकन चालायचं. पळणारं जनावर त्या काचेवर उमटायचंच नाही. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि घोड्याच्या धावेत तुटणाऱ्या दोऱ्यांनी त्यांची शटरं उघडली. चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात, हे त्या दिवशी काचेवर दिसलं. मायब्रिजला फोकसची चिंता नव्हती, कारण घोडा कुठून जाणार हे ठरलेलं होतं. वेग शटरनं पकडला आणि नेम आधीच लावून ठेवला.

ही आधी नेम लावून ठेवण्याची युक्ती पुढे शंभर वर्षं टिकली. दोन भिंगांचा याशिका वापरणारा स्टुडिओवाला पटावर हेच करी. रस्त्याकडेच्या एखाद्या खुंटीवर किंवा चुन्याच्या रेघेवर फोकस लावायचा, १/५०० वर शटर ठेवायचं आणि जोडी रेघेवर येण्याच्या किंचित आधी बोट दाबायचं. तो किंचितपणा हातात बसायला वर्षं लागत.

सामान्य घरात मात्र याशिका नव्हता. असला तर अगफा क्लिक थ्री. बडोद्यात बनलेला हा काळा डबा साठच्या दशकापासून घराघरात शिरला. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो, एकच ठरलेला शटर वेग. फोकस करायचाच नाही, कारण काही हातांच्या पलीकडचं सगळं त्याला सारखंच ‘बरं’ दिसे. लग्नात, जत्रेत, शाळेच्या गॅदरिंगला तो पुरला. पटावर त्याचा फोटो हलायचा, पण एक गोष्ट त्या डब्याला साधली होती. बोट दाबलं की त्याच क्षणी शटर उघडायचं. हललेली का होईना, जोडी रोलवर असायची. या गुणाचं मोल तेव्हा कुणी केलं नाही, आणि कॅमेरे हुशार होत गेले तसा तो हातचा निसटला.

१९७७ साली जपानच्या कोनिकानं सी३५ एएफ बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा. आत दोन खिडक्या होत्या. दोन्हींतून येणारी प्रतिमा जुळली की स्प्रिंगनं सुटलेलं भिंग तिथंच अडायचं. सगळं एका झटक्यात. शटर मात्र १/२५० वर संपायचं. दोन वर्षांनी कॅननचा एएफ३५एम आला. तो अवरक्त किरण सोडून अंतर मोजायचा. दोघांचाही नेम चौकटीच्या मधोमध. समोरून येणाऱ्या जोडीचा फोटो घ्यायला गेलं, की ती मधली जागा नेमकी दोन बैलांच्या मानांमधल्या फटीवर पडायची. मागची गर्दी स्वच्छ, बैल धूसर. दोन माणसं शेजारी उभी करून काढलेल्या कित्येक घरगुती फोटोंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं आणि चेहरे येत नाहीत, त्याचं कारण हेच.

मग डिजिटल आला, आणि इथं खरी पीछेहाट झाली. खिशातले पहिले डिजिटल कॅमेरे सेन्सरवरचा कॉन्ट्रास्ट मोजून फोकस लावत. भिंग थोडं पुढे, मग जरा जास्त पुढे, मग ‘अरे, गेलं’ म्हणून मागे. हे होईपर्यंत बटण नुसतं दाबलेलं राहायचं. खोक्यावर १/२००० सेकंदाचं शटर छापलेलं असे आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या आधीचा अर्धा-पाऊण सेकंद खोक्यावर कुठंच नसे. आकडा वाचून कॅमेरा घेणारा माणूस पटावरून धुळीचा फोटो घेऊन परतायचा. त्यात त्याचा दोष नव्हता; मोजायला हवं ते छापलंच नव्हतं.

खंडेश्वराच्या मंडपात तर याच कॅमेऱ्याची वेगळीच गत. काळा दगड, दारातून येणारा थोडका उजेड. शटर आपोआप १/८ किंवा १/४ वर उतरतं, आणि सपाट, एकरंगी दगडावर कॉन्ट्रास्टच नसल्यानं भिंग पुढे-मागे फिरत राहतं. जिथं उजेड खांबाच्या कोरीव कडेला लागतो, तिथं फोकस धरून अर्धं बटण दाबून ठेवायचं, मग चौकट हवी तिकडे वळवायची आणि कोपरं बरगडीला टेकवून श्वास रोखायचा. तिथं वेगवान शटर कामाचं नाही. धनुर्धराचं उलट: तो जागचा हलत नाही, म्हणून फोकस निवांत लागतो, पण सुटलेला बाण सेकंदाला पन्नासएक मीटर जातो. १/१००० मध्येही तो पाच सेंटिमीटर सरकतो. त्याचं वाकणं दिसायला १/४००० च्या आसपासचं शटर लागतं.

दोन्ही वेग एकाच वेळी मागणारा विषय पटच. आणि नेमका तोच विषय मधली वर्षं मैदानातून गायब होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींना मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात त्या पुन्हा भरवण्याची मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. याच काळात खिशातला कॅमेराही संपत आला. जपानी कंपन्यांनी २०१० साली बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते, त्यांत बहुतेक कॉम्पॅक्ट; २०२१ साली एकूण आकडा सुमारे ८४ लाखांवर आला. जोडी हाकणारा धुरकरी परत मैदानात उतरला तेव्हा कडेच्या हातांमध्ये मोबाइल होते.

खेदाची गोष्ट अशी, की कॅमेऱ्यानं आपली जुनी खोट तोवर दुरुस्त केली होती. २०१० साली फुजीफिल्मनं फाइनपिक्स एफ३००ईएक्सआरमध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्शन बसवलं. या पद्धतीत भिंग कुठल्या दिशेला आणि किती हलवायचं हे एकाच मोजणीत कळतं, चाचपडणं संपतं. २०१६ च्या सोनी आरएक्स१०० मार्क ५ मध्ये असे ३१५ बिंदू आले, सेकंदाला २४ फोटोंसह. मधल्या फटीवर फसण्याचे दिवस गेले, कारण बिंदू आता चौकटीच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरलेले. त्याचं यांत्रिक शटर १/२००० पर्यंत आणि इलेक्ट्रॉनिक १/३२००० पर्यंत जातं. या दुसऱ्या आकड्यानं मात्र हुरळून जाऊ नये. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं. सेन्सर संथ असेल तर गाडीचं चाक तिरकं, अंड्यासारखं येतं. पटावर यांत्रिक १/२००० पुरून उरतं.

आज तरुण पोरं जुने डिजिटल कॉम्पॅक्ट पुन्हा शोधू लागली आहेत. असा कॅमेरा हातात आला, तर मेगापिक्सेल विचारण्याआधी त्याला दुकानाच्या दारात न्यावा. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर धरावा आणि अर्धं न दाबता बटण एकदम पूर्ण दाबावं. मग पडद्यावर दोन गोष्टी बघाव्यात: नंबर प्लेट वाचता येते का, आणि बोट दाबलं तेव्हा गाडी जिथं होती तिथंच ती आहे का. नंतर तीच चाचणी दिवेलागणीला पुन्हा घ्यावी. भर उन्हात फोकस झटकन लावणारे अनेक कॅमेरे कमी उजेडात अडखळतात, आणि पटाच्या शेवटच्या जोड्या बहुधा उतरत्या उन्हातच सुटतात.