कुंभकोणम्‌चे राव : उपाधीचे आडनाव कसे झाले

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरात मराठी मूळ सांगणाऱ्या देशस्थ पुरुषांची नावे बहुधा ‘राव’ या शब्दाने संपतात आणि कागदोपत्री तोच शब्द आडनाव म्हणून लिहिला जातो. वस्तुतः तो कुळाचा नव्हे, मानाचा वाचक आहे. संस्कृत ‘राजन्’पासून प्राकृत ‘राया’ आणि त्यापुढे ‘राय’ व ‘राव’ ही रूपे आली. तमिळमध्ये त्याचे ‘रायर’ असे आदरार्थी रूप झाले, आणि माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैतमताचे अनुयायी असलेल्या, ब्राह्मणांना तेथे ‘रायर’ म्हणण्याचा प्रघात पडला.

व्यंकोजी भोसल्यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५पर्यंत, शेवटी केवळ नावापुरती का होईना, ही गादी टिकली. दरबाराचे दप्तर मोडीत चाले, म्हणून हिशेब व लेखन जाणणारी मराठी घराणी या प्रदेशात स्थिरावली. कुंभकोणम्‌मधील एका रस्त्याचे ‘दबीर’ हे नाव त्याच काळाची आठवण देते. दबीर म्हणजे राजाचा पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी. मात्र या नगरातील प्रत्येक राव मराठी मूळचा मानणे चुकीचे होईल. माध्व यती विजयींद्रतीर्थ यांचे वृंदावन, म्हणजे समाधिस्थान, याच नगरात असून ते मराठ्यांच्या आगमनापूर्वीचे आहे. कन्नड परंपरेतील माध्वांची वस्ती तेथे आधीपासून होती आणि ‘राव’ ही उपाधी त्यांच्यातही रूढ आहे.

महाराष्ट्रात ‘राव’ व्यक्तिनामाला जोडून येतो आणि त्यापुढे आडनाव उरते. तमिळ प्रदेशात मात्र वंशपरंपरागत आडनावाची चाल नाही. गावाचे किंवा पित्याचे आद्याक्षर आधी आणि स्वतःचे नाव नंतर, अशी तेथील रीत. पित्याच्या नावाचे आडनाव होण्याची याहून वेगळी रीत गोव्यातील ‘फर्नांडिस’ या आडनावात दिसते; ‘फर्नांडिस’ म्हणजे मुळात फर्नांदोचा मुलगा. पोर्तुगालमध्ये व स्पेनमध्ये अशी पितृनामे पुढे गोठून कायमची कुलनामे झाली आणि सोळाव्या शतकातील धर्मांतरानंतर गोव्यातही रुजली. तमिळ रीतीत पित्याचे नाव असे गोठत नाही, पिढीगणिक बदलते. मराठी घराण्यांनी ही रीत उचलली तेव्हा मूळ आडनाव आद्याक्षरांत दडले किंवा गळाले, आणि नावाचे शेवटचे पद म्हणून ‘राव’ तेवढा उरला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १८५० साली कुंभकोणम् येथे जन्मलेले, त्रावणकोर व म्हैसूरचे दिवाण व्ही. पी. माधवराव. त्यांचे पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. सातारा जिल्ह्यातील पाटणची आठवण करून देणारे ‘पाटणकर’ हे आडनाव ‘पी’ या एका अक्षरात मावले आहे. त्यांच्याआधी, १८२८ साली, याच नगरात जन्मलेल्या सर टी. माधवराव यांच्या नावातील ‘टी’ तर कुळाचाही नव्हे, तंजावरचा. त्रावणकोर व इंदूरनंतर १८७५ ते १८८२ या काळात ते बडोद्याचे दिवाण होते. मराठी ग्रंथांत त्यांचे नाव ‘माधवराव’ असे एकसंध लिहिले जाते, दक्षिणेत ‘माधव’ आणि ‘राव’ असे तोडून. हे तोडणे क्षुल्लक नाही. सुटा पडलेला शब्दच पुढे आडनाव म्हणून नोंदवता येतो. एकदा तो तसा नोंदला गेला की पत्नी व मुलींच्या नावांपुढेही लागतो, आणि पुरुषाला दिलेला मान सर्व कुटुंबाची ओळख होऊन बसतो.

‘राव’ आज कर्नाटक, आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडू या चारही प्रदेशांत अनेक जातींमध्ये व भाषांमध्ये आढळतो, म्हणून त्यावरून कोणाचे मूळ ठरवता येत नाही. जनगणनेत मातृभाषा विचारली जाते, पण आडनावांची गणती प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे मराठी मूळच्या रावांची संख्याही त्या आकड्यांतून निघत नाही. दक्षिणेतील मराठी घराण्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ‘राव’ या शब्दापाशी न थांबता नावापुढची आद्याक्षरे, गोत्र, कुलदैवत आणि घरात बोलली जाणारी भाषा यांची विचारपूस करावी, आणि घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती लिहून ठेवावी.