ठेक्याची सही

ग्रूव्ह मेटल कुठे मिळेल असं वैजापूरच्या बाजारपेठेत विचारलं, तर लोक पत्र्याच्या दुकानाकडे बोट दाखवतील. नाव परकं आहे, पण त्यातली गोष्ट आपल्याला परकी नाही. ग्रूव्ह म्हणजे ठेका. आणि मेटल म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम जाड, खरखरीत करून वाजवलेलं रॉक संगीत. या संगीतातल्या काही बँडचा आवाज दोन ठोक्यांत ओळखू येतो. जणू त्यांची सहीच. ती सही कशी घडली आणि तिच्याखाली नाव कोणाचं, एवढंच आज सांगायचं आहे.

1980 च्या दशकात मेटलमध्ये वेगाची चढाओढ होती. मेटालिका, स्लेयर हे बँड जितकं जलद वाजवत, तितकं ऐकणारं पोर खूश. 1990 च्या सुमारास काही जणांनी उलटं केलं. त्यांनी लय उतरवली आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जागा सोडली. आमच्याकडे सरला बेटाच्या परंपरेतला सप्ताह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. पखवाज द्रुत लयीत शिरला की अंगावर काटा येतो. पण हजारो पावलं एकदम पडतात ती पावलीच्या संथ ठेक्यावर. वेगाने माणूस थक्क होतो, ठेक्याने तो सामील होतो.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला पँटेरा हा या वळणाचा सर्वांत गाजलेला बँड. डॅरेल आणि विनी पॉल हे अ‍ॅबट बंधू त्याचा कणा. वडील गीतकार आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओचे मालक, त्यामुळे आवाजाशी खेळायची सोय घरातच होती. जुन्या श्रोत्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ आणि ट्रान्झिस्टर यांतला फरक आठवत असेल. रॉकमधले बहुतेक गिटारवादक व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर पसंत करत. त्यांचा आवाज उबदार, थोडा गोलसर. डॅरेलने ट्रान्झिस्टरचे घेतले. त्यांतून आवाज करवतीसारखा निघे आणि हात थांबला की तिथेच तुटे. विनी पॉलने पायाच्या ड्रमचा घुमारा कमी करून त्याला टकटकीत, टोकदार केलं. भावाची तार आणि भावाचा ठोका एकाच क्षणी पडू लागले. 1990, 1992 आणि 1994 अशा तीन अल्बममध्ये ही सही पक्की झाली. 1994 चा अल्बम तर अमेरिकेच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. 8 डिसेंबर 2004 रोजी कोलंबस शहरात कार्यक्रम चालू असताना डॅरेलची मंचावरच गोळी घालून हत्या झाली. विनी पॉल 2018 मध्ये गेला. आवाज मात्र ओळखीचा राहिला.

याच आवाजावरून एक जुना वाद आहे. न्यू ऑर्लिन्सच्या एक्झॉर्डर या बँडचा पहिला अल्बमही 1990 चाच. हा ठेका मूळ त्यांचा, पँटेराने तो उचलला, असं त्यांचे चाहते आजही म्हणतात. निकाल लावायचं काम माझं नाही. पण नाव कोणाचं, हा प्रश्न या संगीताच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे, एवढं लक्षात ठेवावं.

याच प्रश्नामुळे मला ब्राझीलचा सेपल्टुरा हा बँड महत्त्वाचा वाटतो. 1984 मध्ये बेलो होरिझोंते शहरात मॅक्स आणि इगोर या काव्हालेरा बंधूंनी तो काढला. सुरुवातीला तेही वेगाच्या मागे होते. मॅक्स गिटारच्या सहापैकी चारच तारा ठेवी. बारीक आवाजाच्या दोन काढून टाकलेल्या. 1996 मध्ये त्यांचा ‘रूट्स’, म्हणजे ‘मुळं’, हा अल्बम आला. त्यासाठी ते शावान्ते या आदिवासींच्या वस्तीत गेले, त्यांच्यासोबत गायले-वाजवलं, तिथेच मुद्रण केलं. बाहियाचे तालवादक कार्लिन्योस ब्राऊन यांनाही बोलावलं. आवाज बदलला, आणि तो कोणामुळे बदलला हे अल्बमवर नावानिशी छापलं गेलं.

आपल्याकडे या संगीताचं घर मुंबई. धोबी तलावाच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा मेळा भरू लागला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले, तरी बँड थांबले नाहीत. सिस्टिमहाऊस थर्टीथ्री, 2006 चा झिग्नेमा हे ग्रूव्हच्या वाटेने गेले. वादन कसदार, गाणी मात्र इंग्रजी. गावाकडचा ताल मेटलच्या मंचावर ठळकपणे आणला तो दिल्लीच्या ब्लडीवूडने. 2019 मध्ये जर्मनीच्या वाकेन मेळ्यात पंजाबी ढोल घुमला. तिथे ढोलवाला पाहुणा नाही; सार्थक पाहवा हा बँडचा सभासद आहे, गिटारवाल्याच्या बरोबरीने त्याचं नाव येतं.

आता आमच्या हलगीकडे येतो. ती विस्तवावर शेकून ताणतात आणि मग तिचा कडकडाट गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पोळ्याला बैलांपुढे ती, वरातीत ती, जत्रेत ती. ग्रूव्ह मेटलला हवी असते तशी थांबून मारलेली थाप हलगीत पूर्वीपासूनच आहे. पण डीजेच्या गाडीवर मालकाचं नाव रंगीत दिव्यांत झळकतं आणि हलगीवाल्याला लोक ‘ए हलगी’ अशी हाक मारतात. ही कला पिढ्यान्‌पिढ्या दलित समाजाने, त्यातही मातंगांनी, सांभाळली. गावाने तिच्यावर नाचून घेतलं आणि वाजवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं. म्हणून अनेकांनी हलगी खाली ठेवली, आणि ते योग्यच केलं. कारण ते वाजवणं मर्जीचं नव्हतं, गावकीचं काम म्हणून लादलेलं होतं.

त्यामुळे आमच्या तालुक्यातला एखादा तरुण गिटार घेऊन हलगीच्या ठेक्यावर मराठी मेटल बांधू लागला, तर मला आनंदच होईल. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. हलगीचा आवाज मोबाइलमध्ये टिपून घेऊन घरी जाऊ नकोस. वाजवणाऱ्याला त्याचं पूर्ण नाव विचार, तालमीला बोलाव, बिदागी आधी ठरव. आणि गाणं बाहेर येईल तेव्हा तुझ्या नावाच्या ओळीतच त्याचं नाव घाल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)