लिव्हर कॅन्सरचे ऑपरेशन झाले, तरी 'कावीळ बी'ची गोळी का सोडायची नाही?

हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ बीचा विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहिला तर काहींना लिव्हरचा कॅन्सर होतो. गाठ वेळेत सापडली आणि बाकीचे लिव्हर बऱ्यापैकी चांगले असेल, तर ती ऑपरेशनने काढता येते. पण गाठ निघाली म्हणजे कावीळ गेली, असे नाही.

विषाणू मागे राहतो
डॉक्टर गाठ काढतात, विषाणू मात्र उरलेल्या लिव्हरमध्ये तसाच राहतो. तो वाढत राहिला की लिव्हरला सूज येते आणि नवीन गाठ होण्याचा धोका वाढतो. टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोजची गोळी विषाणूला मुळापासून संपवत नाही, पण दाबून ठेवते.

फरक किती पडतो?
तैवानमध्ये अशा साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर 6 वर्षांत मृत्यूचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत 29 टक्के, तर न घेणाऱ्यांत 42.4 टक्के होते. कॅन्सर परत येण्याचे प्रमाण अनुक्रमे 45.6 आणि 54.6 टक्के होते. म्हणजे गोळीने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला स्कॅन आणि एएफपी ही रक्ततपासणी चुकवू नका.

हे लक्षात ठेवा
- बरे वाटतेय म्हणून गोळी मनाने बंद करू नका. विषाणू एकदम उसळून लिव्हर निकामी होऊ शकते.
- गोळ्या संपायच्या आधीच पुढच्या आणून ठेवा.
- दारू पूर्ण बंद. झाडपाल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
- हिपॅटायटिस सीचे वेगळे आहे. त्याचा कोर्स बहुतेकदा 12 आठवड्यांचा असतो आणि विषाणू जातो. तरी कॅन्सरची तपासणी सुरूच ठेवावी लागते.

घरच्यांनी काय करावे?
एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला तो होतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना लागण नाही, त्यांनी लस घ्यावी. बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत पहिला डोस द्यावा.

गोळ्या कुठे मिळतात?
28 जुलै 2018 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे मोफत आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हिपॅटायटिस उपचार केंद्राची चौकशी करा. जाताना ऑपरेशनचे आणि तपासणीचे सगळे कागद सोबत न्या.